पावडर बारीक केली की धातू ‘नॅनो’ होतो का? समजून घ्या ग्रेनचं गणित

कन्हान म्हटलं की नागपूरकरांना आठवतात कोळशाच्या खाणी आणि खंडेलवाल फेरो अलॉईजचा कारखाना. फेरोमँगनीज तयार होतं ते तापलेल्या भट्टीत. पण धातू न वितळवता, पावडर कुटून आणि दाबून घडवण्याचीही एक पद्धत आहे. त्यातून ‘नॅनो धातू’ बनतात. ते नेमकं कसं?

ग्रेन म्हणजे काय?

धातू वरून एकसंध दिसतो, पण आत असंख्य छोटे स्फटिक एकमेकांना चिकटलेले असतात. हेच ग्रेन. धातू वाकतो तेव्हा त्याच्या रचनेतले दोष आतल्या आत सरकतात आणि ग्रेनच्या सीमेवर अडतात. ग्रेन जितके लहान, तितक्या सीमा जास्त आणि धातू तितका मजबूत. हॉल (१९५१) आणि पेच (१९५३) यांनी हा नियम मांडला. ग्रेनचा आकार एक चतुर्थांश केला, तर सीमांमुळे मिळणारी ताकद दुप्पट होते. मात्र साधारण १० ते २० नॅनोमीटरच्या खाली हा नियम टिकत नाही.

बॉल मिलमध्ये काय होतं?

फिरत्या डब्यात धातूची पावडर आणि पोलादी गोळ्या असतात. गोळ्यांच्या माराने कण चपटे होतात, एकमेकांना चिकटतात, पुन्हा तुटतात. तासन् तास असं चाललं की आतले ग्रेन नॅनोमीटरपर्यंत बारीक होतात.

इथेच अनेकांची गल्लत होते. पावडरचा कण वेगळा, ग्रेन वेगळा. १० मायक्रॉनच्या एका चौकोनी कणात २० नॅनोमीटरचे तब्बल साडेबारा कोटी ग्रेन मावतात! म्हणून ग्रेन मोजायला चाळणी चालत नाही. त्यासाठी एक्स-रे डिफ्रॅक्शन किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

खरी अडचण कुठे?

पावडरचा घट्ट तुकडा करायला दाबाबरोबर सहसा उष्णताही लागते. आणि उष्णता मिळाली की ग्रेन पुन्हा वाढतात. कमी तापवलं तर आत पोकळ्या राहतात, जास्त तापवलं तर कमावलेली ताकद जाते. म्हणून काही मिनिटांत काम उरकणारं स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग वापरतात किंवा ग्रेनच्या सीमा रोखून धरणारे ऑक्साइडचे सूक्ष्म कण मिसळतात.

नागपूरचं नातं

या क्षेत्रातले नामवंत संशोधक डॉ. बी. एस. मूर्ती यांनी धातुशास्त्राची पदवी नागपूरच्या व्हीआरसीईतून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून घेतली. २००७ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

त्यामुळे ‘नॅनो धातू’चा दावा करणारी पोस्ट दिसली, तर एकच प्रश्न विचारा: ग्रेन कधी मोजले, पावडर असताना की तुकडा तयार झाल्यावर?