इमाम सुयूतींची यादी आणि किल्लारीची माळवदं

कुरआनातली ९९वी सूरह भूकंपाच्या नावाची आहे. त्यामुळे ‘जलजला’ हा शब्द आपल्या घरांत लहानपणीच कानावर पडतो, तोही कयामत आणि हिशोब यांच्या सोबत. इथे मात्र मला वेगळ्या हिशोबाविषयी लिहायचं आहे. इमारत बांधण्याआधीच, ती हादरली तर किती नुकसान होईल, किती माणसं दगावतील, दुरुस्तीला किती दिवस लागतील, याचा अंदाज देणारी सॉफ्टवेअर आज इंजिनिअर वापरतात. किल्लारीची पहाट ज्यांना आठवते, त्यांनी ही सॉफ्टवेअर कशावर उभी आहेत हे जरूर समजून घ्यावं.

अशा हिशोबाला पहिल्यांदा लागते ती जुन्या भूकंपांची यादी. १५व्या शतकात कैरोत इमाम जलालुद्दीन सुयूती यांनी अशी एक यादी लिहून ठेवली. ‘तफ्सीरे जलालैन’मुळे मदरशांत त्यांचं नाव सर्वांना माहीत असतं, पण भूकंपांवरची त्यांची छोटी किताब फारशी कुणी पाहिलेली नसते. कोणत्या हिजरी साली, कोणत्या शहरात जमीन हलली, काय पडलं, याच्या नोंदी तिच्यात आहेत. भूकंप का होतो याचं त्यांचं उत्तर आज विज्ञानाला चालणार नाही, पण नोंदी चालल्या. १८४३ साली त्यांचा इंग्रजी तर्जुमा कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलात छापून आला. पुढे विसाव्या शतकात निकोलस अँब्रेसिस यांच्यासारख्या संशोधकांनी अशाच अरबी तवारिखांतून मध्यपूर्वेतले जुने भूकंप शोधून काढले. जमीन पुन्हा किती जोरानं हलू शकते, हे अशा याद्यांवरून ठरतं.

दुसरा प्रश्न घर कोणत्या जातीचं आहे हा, आणि तिसरा, तेवढ्या हादऱ्याला ते किती मोडेल हा. तिसरा सर्वांत अवघड. १९८५ साली कॅलिफोर्नियात एटीसी-१३ नावाचा अहवाल निघाला, तेव्हा प्रत्यक्ष मोजमापं फार थोडी होती. म्हणून अनुभवी इंजिनिअरांना विचारलं गेलं की अमुक हादऱ्याला अमुक बांधणीचं किती टक्के नुकसान होईल, आणि त्यांच्या उत्तरांवरून तक्ते बनले. म्हणजे पाया जाणकारांच्या अंदाजाचा. यात कमीपणा काही नाही, गवंडीही तसंच सांगतो. त्या कामाच्या पुढचं पाऊल म्हणजे १९९७ साली अमेरिकी सरकारने आणलेलं ‘हॅझस’. त्यात इमारतींचे ३६ प्रकार आणि मोडतोडीच्या चार पायऱ्या आहेत: किरकोळ, मध्यम, मोठी, पूर्ण.

पण इमारत उभी राहिली म्हणजे वाचली, असं नसतं. लॉस एंजेलिसजवळचं ऑलिव्ह व्ह्यू हॉस्पिटल १९७१च्या भूकंपात मोडलं. ते पुन्हा भक्कम बांधलं. १९९४च्या भूकंपात सांगाडा शाबूत राहिला, पण आतले पाण्याचे पाइप फुटले आणि रुग्णांना बाहेर काढावं लागलं. ज्या दिवशी हॉस्पिटलची सर्वांत जास्त गरज, त्याच दिवशी ते बंद! २०१२ साली आलेल्या फेमा पी-५८ या पद्धतीत आणि तिच्या ‘पॅक्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये म्हणूनच खांब-तुळयांच्या जोडीला छत, काच, पाइप, लिफ्ट असा एकेक भाग धरला जातो. संगणकात इमारत शेकडो वेळा हलवून खर्च, दुरुस्तीचा काळ आणि जीवितहानी काढतात. आराखडा कागदावर असतानाच, थोडं जास्त पोलाद घातलं तर काय वाचेल, हे मालकाला दाखवता येतं.

तुर्कस्तानने हे काम आपल्या हाताने केलं. १९९९च्या इझमितच्या भूकंपात सतरा हजारांहून अधिक माणसं गेली. पुढे इस्तंबूलच्या कांदिली वेधशाळेत मुस्तफा एर्दिक आणि सहकाऱ्यांनी नुकसानीचा अंदाज काढणारं ‘एलर’ हे सॉफ्टवेअर घडवलं. तरी फेब्रुवारी २०२३मध्ये तिथे पन्नास हजारांवर माणसं मेली. २०१८ साली सरकारने शुल्क घेऊन बेकायदा इमारती माफ केल्या होत्या. संगणकातली इमारत आराखड्याप्रमाणे असते, जागेवरची तशी असेलच असं नाही. इथे मी ज्ञानाला नाही, ते शुल्क घेणाऱ्यांना दोष देतो.

आता किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं झोपली होती. भूकंप ६.२च्या आसपासचा. जगाच्या मानाने मध्यम, पण दहा हजारांच्या घरात माणसं गेली. मारलं ते घरांनी: मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती, दोन पदरांना बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचं ओझं. उन्हाळ्यात गारवा देणारी हीच माती. हॅझसच्या ३६ प्रकारांत हे घर नाही. ती यादी अमेरिकेसाठी होती, तिच्याकडून अपेक्षाही नाही. पण आपल्या नकाशातही तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. त्या रात्री जगातलं सर्वोत्तम सॉफ्टवेअर लातूरच्या कलेक्टर कचेरीत असतं आणि त्याला तो नकाशा दिला असता, तरी त्याने काळजी नको असंच सांगितलं असतं.

हॅझस निघालं त्याच वर्षी, १९९७मध्ये, आपल्याकडे बीएमटीपीसीने भारताचा ‘व्हल्नरेबिलिटी अ‍ॅटलास’ काढला. त्यात जनगणनेतून जिल्हावार घरं घेतली आहेत: भिंत मातीची, दगडाची, विटेची, की काँक्रीटची. माळवदाखाली झोपणारा माणूस निदान तक्त्यात आला. धोक्याच्या नकाशातला पहिला विभाग मात्र २००२ साली रद्द झाला, आणि किल्लारीचा भाग तेव्हा तिसऱ्या विभागात गेला.