बाहेरून बसलेल्यांची शाळा

‘बाहेरून बसलाय’ हे आपल्याकडे आवाज खाली आणून सांगायचं वाक्य. दहावीच्या वयाचा मुलगा सकाळी दप्तर घेऊन निघताना दिसला नाही की शेजारीण चौकशी करते, आई एवढंच सांगते आणि विषय बदलते. महाराष्ट्रात या बाहेरून बसण्याला नंबरही आहे, सतरा. सतरा नंबरचा फॉर्म भरला की राज्य मंडळाच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसता येतं. संपर्कासाठी एखादी शाळा नेमून मिळते, पण रोज वर्गात बसायला नव्हे. शिकायचं कसं, अडलं तर विचारायचं कुणाला, हे ज्याचं त्याने बघायचं. क्लास लावा, गाईड घ्या, नाहीतर देवावर हवाला ठेवा.

या बाहेरच्यांनाही एक शाळा असावी, हा विचार १९७९ साली सरकारी कागदावर उतरला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, दिल्लीत मुक्त विद्यालयाचा प्रकल्प सुरू केला. ज्या मंडळाच्या शाळांत प्रवेशासाठी आईबाप रांगा लावतात, त्यानेच रांगेबाहेर पडलेल्यांसाठी कडेला एक खोली उघडावी, याची मला गंमत वाटते. दहा वर्षं ती खोली ‘प्रकल्प’च राहिली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुक्त शाळेला बळ द्यायचं ठरवलं आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालय’ ही स्वायत्त संस्था झाली. त्याच वर्षी जुलैत नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं होतं. मराठी घरांत शिक्षणाला ‘मुक्त’ हे विशेषण लागायला लागलं ते त्या सुमारास. तोवर हा शब्द आपल्याला मुक्तछंदात नाहीतर तुरुंगाच्या बातम्यांत भेटायचा.

ऑक्टोबर १९९० मध्ये भारताच्या राजपत्रात एक ठराव छापून आला. विद्यार्थी नोंदवण्याचा, त्यांची परीक्षा घेण्याचा आणि पदवीपूर्व पातळीपर्यंत प्रमाणपत्र देण्याचा अधिकार या विद्यालयाला मिळाला. संस्थेच्या वाटचालीत मी या तारखेला स्थापनेपेक्षा जास्त मान देतो. शाळेला इमारत नसली तरी चालतं. परीक्षा दुसऱ्याच्या हातात असेल, तर मात्र शाळेला काहीच बदलता येत नाही. जुलै २००२ मध्ये नाव लांबलं, ‘राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था’. लोकांच्या तोंडी ती एनआयओएस. मुख्यालय नोएडात, विभागीय केंद्रं देशभर, त्यांतलं एक पुण्यात.

परीक्षा हातात आल्यावर संस्थेने तिचे तुकडे केले. आपल्या नेहमीच्या दहावीत सगळे विषय एकाच वेळी अंगावर येतात. इथे पाच विषय घ्यायचे, त्यांत निदान एक भाषा, आणि ते पाच वर्षांत कधीही, एकेक करून सोडवायचे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि एकूण नऊ संधी मिळतात. दुसऱ्या मान्यताप्राप्त मंडळात आधी सुटलेले दोन विषयही सोबत आणता येतात. म्हणजे दहावीला गणित, विज्ञान आणि इंग्रजीत गडगडलेला मुलगा अगदी रिकाम्या हातांनी येत नाही. मराठी आणि सामाजिक शास्त्रं त्याच्या खिशात असतात.

आणखी एक मोकळीक आहे, तिचं मोल बाहेरच्याला चटकन कळत नाही. गणित आणि विज्ञान इथे सक्तीचं नाही. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे विषय घेऊनही दहावीचं प्रमाणपत्र मिळतं. अंक उलटेसुलटे दिसणाऱ्या मुलाच्या घरात ही ओळ पहिल्यांदा वाचली जाते तेव्हा काय होत असेल, हे ज्यांनी असं घर पाहिलंय त्यांनाच माहीत. भारतीय सांकेतिक भाषाही आता इथे माध्यमिक स्तरावर भाषाविषय म्हणून घेता येते. मूकबधिर मुलाला स्वतःचीच भाषा परीक्षेला घेता यावी, यात खरं तर नवल वाटायला नको होतं.

‘मागणीनुसार परीक्षा’ हा प्रकार तर मला सगळ्यांत धीट वाटतो. सहा महिने थांबायचं नसेल तर तयारी झालेल्या एका विषयासाठी तारीख मागून घ्यायची आणि नेमलेल्या केंद्रावर जाऊन पेपर द्यायचा. प्रश्नसंचातून संगणक त्या विद्यार्थ्यापुरती प्रश्नपत्रिका तयार करतो. शेजारच्याचा पेपर वेगळा असल्यामुळे मान वळवून काही हाती लागत नाही.

एवढं सगळं असून माणसं अडकतातच. पाच वर्षं म्हणजे भरपूर वेळ, आणि घात तिथेच होतो. शाळेत घंटा असते, हजेरी असते, ‘वही दाखव’ म्हणणारं कुणीतरी असतं. इथे पुस्तकांचा गठ्ठा घरी येतो, चार दिवस कौतुकाने टेबलावर राहतो आणि मग कपाटावर जातो. पहिली परीक्षा ‘पुढच्या वेळी देऊ’ म्हणून सोडली की दुसरी सोडणं सोपं होतं. मोकळ्या शाळेत नापास होण्याचा खरा प्रकार हा. पेपर कोरा ठेवून नव्हे, केंद्रावर न जाऊन.

जे पार होतात त्यांच्याकडे नीट पाहिलं तर शाळेने सोडलेली दोरी त्यांनी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधलेली दिसते. वर्कशॉपमध्ये काम करणारा मुलगा ठरवतो की या ऑक्टोबरला दोनच विषय, आणि त्यांतला एक आपल्या हातखंड्याचा. पहिला विषय सुटला की घरातला सूर बदलतो. ‘अजून किती वर्षं चालणार हे?’ विचारणारे वडील ‘पुढचा कुठला?’ असं विचारतात. अवघड विषय आधी उरकू म्हणणारे बरेचदा तिथेच थांबतात. शाळेत आपल्याला नेमकं उलट शिकवलेलं असतं. सरावाला वेळ मिळावा म्हणून रोजची शाळा सोडून इथे आलेल्या खेळाडूचं वेगळं. स्पर्धांचं वेळापत्रक त्याच्या भिंतीवर असतंच, त्यात परीक्षेची तारीख घालायची एवढंच. शिस्त त्याच्या अंगात आधीच असते. त्या मुलांचं यश पाहून बाकीच्यांना ‘बघ, त्याला जमतं’ म्हणणं मला थोडं अन्यायाचं वाटतं.

संस्थेला हे कळत नव्हतं असं नाही. घंटेची जागा भरायला तिने ठिकठिकाणच्या शाळांत अभ्यासकेंद्रं नेमली आणि सुट्टीच्या दिवशी संपर्कवर्ग ठेवले. तिथे एका बाकावर सोळा वर्षांची मुलगी आणि चाळिशीची अंगणवाडी मदतनीस बसलेली असू शकते. माध्यमिकला किमान वय चौदा, वरची मर्यादा नाही. केंद्र मनापासून चालवणारं मिळालं तर निम्मं काम झालं. नाही मिळालं तर रविवारचा वर्ग सहीपुरता. दुसरी खुंटी स्वाध्यायांची. घरी लिहून ठरलेल्या मुदतीत द्यायचे, शिक्षकाने तपासायचे, आणि त्यांना २० टक्के गुण. आता हे स्वाध्याय सोडवून विकणारेही बाजारात आहेत. विकत घेणाऱ्याला २० गुण मिळत असतील, पण स्वाध्यायाचा उपयोग गुणांपुरता नव्हताच. मुदत ही या शाळेतली उरलेली एकुलती घंटा होती, आणि ती त्याने पैसे देऊन बंद करून टाकली.

पुढे छापील पुस्तकांच्या जोडीला पडदा आला. इंटरनेटवरच्या ‘मुक्त विद्या वाणी’ या रेडिओवर शिक्षक बोलू लागले. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे सरकारचं ऑनलाइन शिक्षणाचं व्यासपीठ सुरू झालं तेव्हा नववी ते बारावीच्या अभ्यासक्रमांच्या जबाबदारीत या संस्थेचाही वाटा होता. टीव्हीच्या ‘स्वयम् प्रभा’वर तिचे पाठ लागू लागले. त्याच सुमारास एक वेगळीच परीक्षा तिच्यापुढे उभी राहिली. नोकरीत असूनही प्रशिक्षण न झालेल्या प्राथमिक शिक्षकांना कायद्याने ३१ मार्च २०१९ ची मुदत दिली होती. तेरा लाखांहून अधिक शिक्षकांनी एनआयओएसच्या पदविकेसाठी नाव नोंदवलं. दिवसा वर्गात छडी हातात असलेले हे लोक रात्री मोबाइलवर पाठ बघून स्वाध्याय लिहीत होते. बाहेरून बसणं म्हणजे काय, ते त्या दोन वर्षांत देशभरच्या गुरुजींना आणि बाईंना कळलं असेल.

२०२० च्या मार्चमध्ये तर सगळेच बाहेर बसले. चांगल्या चांगल्या शाळांतल्या मुलांना घरी एकट्याने शिकायला लागलं आणि पंधरा दिवसांत आईबाप जेरीस आले. घंटेविना पोराला टेबलाशी बसवायचं कसं, या प्रश्नाशी ही संस्था तीस वर्षं झगडत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये तिने आभासी मुक्त विद्यालय सुरू केलं. पाठ पडद्यावर, पण थेट, ठरलेल्या वेळी, समोर शिक्षक. ठरलेली वेळ परत आली, हा त्यातला माझ्या मते महत्त्वाचा भाग. ध्वनिमुद्रित पाठ केव्हाही बघता येतो, म्हणून तो बरेचदा बघितलाच जात नाही. सात वाजता बाई येणार म्हटलं की मूल पावणेसातला चार्जर शोधायला लागतं.

प्रतिष्ठेचं म्हणाल, तर ती फार सावकाश आली. वैद्यकीय परिषदेचे नियम मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना डॉक्टरीच्या प्रवेशाला अपात्र ठरवत होते. मे २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ मध्ये मिटलं. आता ही मुलंही ‘नीट’ला बसू शकतात. केंद्र सरकारनेच स्थापलेल्या शाळेचं प्रमाणपत्र ग्राह्य ठरायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

कॉलेजच्या खिडकीवर मात्र रोजच्या कामाचे प्रश्न असतात. अकरावीला किंवा पदवीला प्रवेश घ्यायचा तर कारकून गुणपत्रिका मागतो आणि मान वर न करता दुसरा कागद मागतो, शाळा सोडल्याचा दाखला. सातवीतून घरी बसलेल्या, पुढे कुठल्याच शाळेच्या पटावर नसलेल्या मुलीचे हातपाय इथे गार पडतात. पण एनआयओएस गुणपत्रिकेबरोबर तोही कागद देते, स्थलांतर आणि शाळाबदलाचा एकत्र दाखला. कारकून त्यावर शिक्का बघतो, फाइलला टाचणी मारतो आणि पुढच्याला हाक मारतो.