पंडिता रमाबाई आणि ईश्वरी न्यायाचा प्रश्न

ख्रिस्ती धर्मातील सेवाभाव म्हटला की कोरमंगल्यातील आपणा सर्वांची दृष्टी सेंट जॉन्स रुग्णालयाकडे वळते. त्या सेवेमागील श्रद्धेचा शोध घ्यावयाचा, तर मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपलेच आहे. आणि त्याचा आरंभ याच कर्नाटकात, तुंगा-भद्रेच्या उगमाजवळील गंगामूळच्या अरण्यात झाला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला.

वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न वैदिक ब्राह्मण. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना शास्त्रीमंडळींना जाब द्यावा लागला. घर विद्यार्थ्यांना आणि यात्रेकरूंना सदैव उघडे असे. त्या आतिथ्यातच द्रव्य सरले आणि कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडू लागले. १८७४च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात अनंतशास्त्री उपासमारीने खंगून वारले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीणही गेली. अखेरच्या घटकेस पित्याने लेकीला जवळ घेतले, तुला मी ईश्वराच्या हाती सोपविले आहे, असे सांगितले आणि जन्मभर त्याचीच सेवा करण्याची आज्ञा केली. ही हकीगत रमाबाईंनीच पुढे लिहून ठेवली आहे.

ज्याने हयातभर दान केले, व्रते पाळली, तो अन्नावाचून मरावा, यात न्याय कोणता? बंधू श्रीनिवास याच्यासह शेकडो कोस पायी भटकताना हा प्रश्न तिच्या सोबतीला होता. पूर्वकर्माच्या उत्तराने तिचे समाधान होईना.

१८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. फुलहॅम येथे जोगिणींनी चालविलेले पतित स्त्रियांचे आश्रयगृह पाहून त्या चकित झाल्या. अशा स्त्रियांची काळजी तुम्ही का वाहता, या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखविण्यात आली. देव पाप्याला शिक्षा ठोठावून थांबत नाही, त्याला उभे करतो, हा न्यायाचा अर्थ त्यांना तेथे उमगला. शुभवर्तमानातील अंतिम न्यायाच्या दृष्टांतातही, भुकेल्याला अन्न दिलेस काय, असाच प्रश्न आहे. मात्र त्या मुकाट्याने मान डोलावणाऱ्या नव्हत्या. धर्मगुरूंच्या अधिकाराविषयी वाँटेजच्या जोगिणींशीही त्यांनी कडाक्याचा वाद घातला. इकडे १८९३मध्ये धर्मांतराच्या संशयावरून शारदासदनाच्या सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. मुलींच्या पालकांची ती भीती अगदीच अनाठायी होती, असे मला म्हणवत नाही.

१८९६च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना ग्रंथातून शिकावयाचे नव्हते. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. केडगावला फळबागेसाठी घेतलेल्या शंभर एकर माळावर विहिरी खोदल्या गेल्या आणि मुक्तिसदन उभे राहिले. मुली विणकाम, तेलघाणा, छपाई शिकल्या. १९००च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. पतित स्त्रियांसाठी वेगळे कृपासदनही निघाले. फुलहॅमला पाहिलेले घर आता केडगावी उभे होते.

कन्या मनोरमा ही आईचा उजवा हात. गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, शाळा काढण्याचे काम तिने अंगावर घेतले होते. आपल्यामागे तिनेच संस्था चालवावी अशी आईची इच्छा. परंतु १९२१च्या जुलैमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाच निवर्तली. पित्याच्या मृत्यूच्या वेळचा प्रश्न पुन्हा दारात आला. रमाबाईंनी कामात खंड पडू दिला नाही. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी चालविलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तेव्हा पूर्ण होत आले होते. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. त्याची छपाई मुक्तिसदनाच्या छापखान्यातच झाली, आणि खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळातून आणलेल्या मुलींचेही हात होते.