वलय तेच, वाट वेगळी : एचआयव्हीच्या औषधांचा मुंबईतला इतिहास

पुंडलिकनगरातून चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या औषध कारखान्यांत कामाला जाणारी बरीच मंडळी इथे आहेत, म्हणून आज विषय मुद्दाम औषधांचा घेतला आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. कार्बनच्या वलयात एखाद्या कार्बनच्या जागी नायट्रोजन बसला, की ते झालं नायट्रोजनयुक्त विषमवलयी संयुग. कॉलेजात आपण त्याला हेटरोसायक्लिक म्हणतो. डीएनएची चारही अक्षरं अशीच वलयं आहेत. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायच्या तर हीच अक्षरं लागतात. मग त्याला खोटं अक्षर दिलं तर?

डेट्रॉइटच्या जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६०च्या दशकात अशी खोटी अक्षरं बनवली, ती कर्करोगासाठी. तिथे ती चालली नाहीत. पण त्यातलंच झिडोव्ह्युडिन १९८७ मध्ये अमेरिकेत एचआयव्हीवरचं पहिलं मान्य औषध ठरलं. खोटं अक्षर साखळीत बसतं, पण पुढची कडी जोडायला त्याला जागाच नसते. साखळी तिथेच थांबते.

आता मुंबईत येऊ. सिप्लाचे युसुफ हमीद केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांचे विद्यार्थी. टॉड यांना १९५७चं नोबेल मिळालं ते याच अक्षरांच्या, म्हणजे न्यूक्लिओटाइडांच्या रसायनशास्त्रासाठी. दुसरी बाजू कायद्याची. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, तो बनवण्याच्या पद्धतीवर होतं. म्हणजे काय, तर वलय तेच, पण तिथे पोचायची वाट तुम्ही स्वतः शोधली, तर औषध तुम्ही बनवू शकता. झिडोव्ह्युडिनची अशी वाट ए. व्ही. रामाराव यांनी हैदराबादच्या प्रयोगशाळेत शोधली आणि सिप्लाला दिली. हेच रामाराव आधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते.

पुढे कळलं, की एका औषधाला विषाणू दाद देईनासा होतो, तीन एकत्र लागतात. लॅमिव्हुडिन, स्टॅव्हुडिन ही दोन खोटी अक्षरं; नेव्हिरापिन हे तिसरं वेगळं, विषाणूच्या विकराच्या खाचेत जाऊन बसणारं. तिन्हींत नायट्रोजनची वलयं आहेत. पण पाश्चात्त्य बाजारात ती तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होती. सिप्लाने ती एका गोळीत आणली. फेब्रुवारी २००१ मध्ये 'सीमांविना डॉक्टर' या संस्थेला हमीद यांनी भाव सांगितला : माणशी वर्षाला ३५० डॉलर. तेव्हा पाश्चात्त्य देशांत हाच उपचार दहा ते पंधरा हजार डॉलरला पडत होता.

याचा अर्थ ती गोळी निर्दोष होती असं नाही. स्टॅव्हुडिनने हातापायांच्या नसा दुखावतात, गालाची चरबी झिजते. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. पण तोवर त्या गोळीवर असंख्य माणसं जगली. भारतातही एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली.

१ जानेवारी २००५ पासून मात्र रेणूवरच पेटंट मिळू लागलं. आता नुसती नवी वाट शोधून भागत नाही. डोल्युटेग्राव्हिर हे आजचं औषध, त्यातही नायट्रोजनची वलयं आहेत. ते इथे स्वस्तात बनतं ते परवान्याच्या करारामुळे. म्हणून पुढची साथ आली, की आपण दोन प्रश्न विचारायचे : रेणू कोणाला जमतो, आणि तो बनवायची मुभा कोणाला आहे?