समुपदेशनातला उपदेश

समुपदेशन शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच बजावलं जातं : सल्ला द्यायचा नाही, आधी ऐकायचं. आणि ज्या कामाचं तो शिक्षण घेतो, त्याच्या नावातच ‘उपदेश’ बसलेला. मुळाशी ‘दिश्’ धातू आहे, म्हणजे दाखवणं. दिशा, आदेश, निर्देश ही त्याचीच भावंडं. ‘उप’मुळे जवळीक आली, ‘सम्’मुळे सोबत आली, पण दिशा दाखवणारं बोट काही खाली आलं नाही. त्यामानाने ‘सल्लामसलत’ मला अधिक मोकळा वाटतो. त्यातली दोन्ही पदं एकाच अरबी धातूची, बरं होणं, नीट होणं या अर्थाची. ‘सुलह’ही तिथलाच.

काही पद्धतींना ‘समुपदेशन’ शोभतो, हेही खरं. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. तिच्यात अविवेकी समजुतीवर बोट ठेवणं हा उपचाराचाच भाग असतो. अडचण येते ती मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (1902–1987) यांच्या वाटेने जाणाऱ्यांची.

रॉजर्स तरुणपणी अमेरिकेत रॉचेस्टरला मुलांच्या मार्गदर्शनाचं काम करत. एका दांडग्या मुलाची आई त्यांच्याकडे येई. मुलाच्या वागण्याचं मूळ आईने त्याला लहानपणी मनातून नाकारण्यात आहे, असं त्यांचं निदान. ते तिला हळुवारपणे, नाना परींनी दाखवून पाहिलं. तिला काही पटेना. अखेर त्यांनी हात टेकले. आपण दोघांनी प्रयत्न केले, आता थांबू या, म्हणाले. तिलाही ते मान्य झालं. दारापर्यंत गेली, वळली आणि विचारलं, की इथे मोठ्या माणसांनाही घेता का? घेतो म्हटल्यावर खुर्चीत परत बसली आणि आपल्या संसाराची सगळी परवड सांगू लागली. इतके दिवस सांगितलेल्या नीटनेटक्या हकिकतीत यातलं काही नव्हतं. खरा उपचार तिथून सुरू झाला आणि पुढे तो चांगलाच यशस्वी झाला, असं रॉजर्स यांनी ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ (1961) या पुस्तकात लिहिलं आहे. कुठे दुखतंय हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, ही त्यांची पुढची सगळी मांडणी अशा प्रसंगांतून उभी राहिली.

म्हणून त्यांना ‘पेशंट’ नको होता. 1942च्या पुस्तकात त्यांनी ‘क्लायंट’ वापरला. पण लॅटिनमध्ये ‘क्लिएन्स’ म्हणजे बड्या माणसाच्या आश्रयाला असलेला. मराठीत वकिलाच्या क्लायंटला ‘अशील’ म्हणतात, आणि तो या कामाला कितीतरी जवळचा आहे. अरबी कायद्याच्या भाषेत ‘असील’ म्हणजे मूळ पक्ष आणि ‘वकील’ म्हणजे त्याने नेमलेला. मुखत्यारी अशिलाची, वकील त्याच्या वतीने उभा. ‘अस्सल’ही याच कुळातला. कचेरीचा वास आहे म्हणून समुपदेशकांनी हा शब्द घेतला नसावा. मला मात्र त्याची हळहळ वाटते.

पुढे रॉजर्स यांनी ‘क्लायंट’ही मागे ठेवून ‘पर्सन’ला मध्यभागी आणलं. लॅटिन ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. आणि रॉजर्स तर माणूस मुखवट्याआडून बाहेर कसा येतो, तेच सांगत होते. आपल्या ‘व्यक्ती’त हा ताण नाही. वि आणि अञ्ज्, म्हणजे उघड होणं, स्पष्ट दिसणं. संस्कृतात व्यक्ती म्हणजे आधी प्रकट होणं, मग प्रकट झालेला एक जीव. ‘व्यंजना’ही त्याच धातूची, ‘अभिव्यक्ती’ही. त्यामुळे ‘व्यक्तिकेंद्री’ म्हणताना आपण नकळत ‘व्यक्त होण्याला केंद्रात ठेवणारी’ असंही म्हणतो. रॉजर्स यांच्या मुलीने, नॅटली यांनी, नेमकं हेच केलं. चित्र, माती, हालचाल, लेखन, आवाज यांना त्यांनी वडिलांच्या पद्धतीत आणलं. त्यांचं ‘द क्रिएटिव्ह कनेक्शन’ 1993मध्ये आलं. शब्द सुचत नसलेल्या माणसासमोर खडू ठेवायचे. चित्र चांगलं की वाईट हे म्हणायचं नाही, अर्थही आपण लावायचा नाही. काळा रंग दिसला की दुःख वाचायला धावणं हा नवशिक्याला होणारा मोह; तोही उपदेशच, फक्त चित्रावर केलेला.

समोरच्याचं जग त्याच्या बाजूने अनुभवणं म्हणजे ‘एम्पथी’. मराठीत तिला समानुभूती, तदनुभूती असे घडवलेले शब्द आहेत. मूळ जर्मन ‘आइनफ्युलुंग’ मात्र कलाविचारातला. रॉबर्ट फिशर यांनी 1873मध्ये तो सौंदर्यशास्त्रात वापरला : पाहणारा कलाकृतीत स्वतःला कसा ओततो, यासाठी. एडवर्ड टिचनर यांनी 1909मध्ये त्याला इंग्रजी रूप दिलं. म्हणजे उपचाराच्या खोलीत हा शब्द चित्रांपुढून चालत आला. आपल्याकडे अभिनवगुप्तांनी ‘सहृदय’ची व्याख्या केली तीही काव्याच्या संदर्भात : सतत काव्य वाचून ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, आणि वर्णिलेल्या विषयाशी जो तन्मय होऊ शकतो, असा रसिक. दहाव्या-अकराव्या शतकातल्या काश्मिरात ही पात्रता कवीच्या श्रोत्याकडून अपेक्षित होती. आज मराठीत ‘सहृदय’ म्हटलं की दयाळू एवढंच उरतं, आणि देणगीदारांच्या आभारपत्रात तो झिजतो. शिकाऊ समुपदेशकाने तो तिथून परत मागून घ्यावा. त्यातला सराव महत्त्वाचा आहे : आरसा आपोआप स्वच्छ होत नाही, अभ्यासाने होतो, असं अभिनवगुप्त म्हणतात. तासन्‌तास ऐकणं, मग आपलं कुठे चुकलं ते ज्येष्ठांपुढे उघड करणं, पुन्हा ऐकायला बसणं, हाच तो अभ्यास.