हँडल, सेल्फ आणि किल्लीच्या पोटातली किल्ली

मोटार बंद पडली की मराठी माणसाला शब्दांची वानवा भासत नाही. ‘गाडी रुसली’, ‘सेल्फ घेत नाही’, ‘करंट येत नाही’, ‘बॅटरी उतरली’ ही सारी भाषा आपल्या घरांत इतकी रुळली आहे की, या एकेका शब्दामागे शंभर-सव्वाशे वर्षांची हकिकत आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. इतिहास म्हटला की आपण गडकोट आणि लढाया यांच्याकडे वळतो. वर्गात मीही तेच शिकवतो. परंतु एक हट्टी यंत्र जागे कसे करावे हे माणूस पायरीपायरीने शिकत गेला, हाही इतिहासच. त्यात जायबंदी झालेले वीर आहेत, एक मास्तर आहे आणि आरंभी एक गृहिणी आहे.

ही गृहिणी म्हणजे बेर्था बेन्झ. तिचा नवरा कार्ल बेन्झ याने १८८६ साली जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. पण गाडीला गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही एकोणचाळीस वर्षांची बाई नवऱ्याला न सांगता, आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, मॅनहाइमहून शंभरएक किलोमीटरवरच्या फोर्ट्सहाइमला माहेरी निघाली. त्या गाडीला ना किल्ली, ना हँडल. मागचे भले मोठे आडवे चाक हातांनी गरकन फिरवायचे, की इंजिन जागे व्हायचे. वाटेत इंधनाची नळी तुंबली, तर बेर्थाने टोपीची लांब टाचणी घालून ती मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तर पायमोज्याचा पट्टा तिच्यावर गुंडाळला. इंधन संपले, तर वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचे द्रव विकत घेतले. एरवी लोक ते कपड्यांवरचे डाग काढायला नेत. ब्रेकचे लाकूड झिजले, तर त्यावर चांभाराकडून कातडे ठोकून घेतले. संध्याकाळी माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार गेली ती सुखरूपपणाचीच.

या प्रवासाचे कौतुक धाडसासाठी होते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र तिच्या शोधाची रीत अधिक मोलाची वाटते. गाडी थांबली म्हणून ती गाडीवर चिडली नाही. इंजिनाला इंधन पोचते आहे का? ठिणगी पडते आहे का? असे एकेक विचारीत ती गेली आणि ज्या ठिकाणी ‘नाही’ असे उत्तर आले तिथे तिने हात घातला. पुढे आपल्याकडच्या मिस्त्र्यांनी प्लग काढून ठिणगी पाहिली, कार्बोरेटर खोलून पेट्रोल येते का ते बघितले, ती सगळी हीच परंपरा.

त्यानंतर आला हँडलचा जमाना. गाडीच्या तोंडात वाकडी लोखंडी दांडी खुपसायची आणि अंगातला सारा जोर लावून इंजिन फिरवायचे. यात मेख अशी होती की, दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्याआधीच ठिणगी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडल घोड्याच्या लाथेसारखे परत येई. मनगटे मोडत, हात मोडत, जबडेही फुटत. म्हणून जाणते लोक आधी ठिणगी उशिरा पडेल अशी तजवीज करीत, हँडल खालून वर ओढीत आणि अंगठा बोटांच्या समोर न ठेवता त्यांच्याच बाजूला ठेवीत. म्हणजे लाथ बसलीच तर दांडी हातातून सुटून जाई. या हँडलपायी मोटार ही दणकट पुरुषांचीच वस्तू होऊन बसली. त्या काळी विजेवर चालणाऱ्या मोटारीही होत्या आणि त्यांच्या जाहिराती मुद्दाम स्त्रियांसाठी केल्या जात. कारण त्यांना हँडल मारावे लागत नसे.

अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींचा कर्ता हेन्री लेलंड याच्या मनाला हँडलची ही हिंसा फार लागली. बायरन कार्टर हा मोटारी बनवणारा त्याचा स्नेही १९०८ साली वारला. वाटेत अडलेल्या एका बाईची गाडी सुरू करून देताना हँडलचा तडाखा बसला आणि तेच दुखणे त्याच्या जिवावर बेतले, असे पुढे सांगत आले आहेत. हे काम विजेने होईल का, असे लेलंडने चार्ल्स केटरिंगला विचारले. हा केटरिंग काही काळ ओहायोतल्या खेड्यापाड्यांतल्या शाळांत मास्तर होता, हे वाचल्यापासून तो मला आमच्यातलाच वाटत आला आहे.

विजेची मोटर इंजिन फिरवू शकेल हे इतरांनाही सुचले होते. परंतु हिशेब केला की ती मोटर इंजिनाएवढीच अवजड निघे. केटरिंगने त्याआधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. त्या कामात त्याला एक गोष्ट उमगली होती. मोटर दिवसभर चालायची असेल तर ती मोठी हवी. क्षणभरच चालायची असेल, तर लहान मोटरवर तिच्या ऐपतीबाहेरचे ओझे टाकले तरी ती जळत नाही. इंजिन जागे करायला क्षणभराचीच तर गरज! शिवाय इंजिन सुरू झाले की त्याच यंत्राने उलट वीज निर्माण करून बॅटरी भरावी, अशीही योजना त्याने केली. १९१२ सालच्या कॅडिलॅकवर हा ‘सेल्फ स्टार्टर’ बसला आणि ‘स्टार्टर’ गळून उरलेला ‘सेल्फ’ आपल्या ड्रायव्हरांच्या तोंडी कायमचा बसला.

आपल्याकडे हँडल पुढे कित्येक वर्षे सीटखाली पडून असे. सेल्फने दगा दिला तर हँडल, आणि तेही नसेल तर धक्का! उतारूंनी उतरून एस. टी.ला धक्का मारल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांनी बेर्थाच्या चाकाचीच बहुजनी आवृत्ती पाहिली; फरक एवढाच की इथे रस्त्यावरची चाके इंजिनाला फिरवतात. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत धावल्या. त्यांचे टॅक्सीवाले एका पान्यावर आणि पॉलिशच्या कागदावर अर्धे आजार बरे करीत, कारण आजार डोळ्यांना दिसत होता.

इकडे किल्लीची कहाणी निराळी. पूर्वी किल्लीने फक्त वीज चालू होई. सेल्फचे बटण वेगळे असे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू होण्याची सोय क्रायस्लरने १९४९ साली केली. १९८२ साली फ्रान्समधल्या रेनॉ फुएगो या गाडीची दारे लांबून, बटण दाबून उघडू लागली. मग चोरही शिकले. त्यांच्यासाठी किल्लीच्या डोक्यात एक बारीक चिप बसवली गेली. गाडी लहरींतून तिला खूण विचारते, आणि खूण पटली नाही तर सेल्फ किंवा इंजिन अडवून धरते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना हा बंदोबस्त सक्तीचा झाला. पुढे किल्ली खिशातच राहिली आणि हाताला उरले एक बटण.

सोय झाली खरी, पण बिघाड हातापासून दूर गेला. गेल्या श्रावणात आमच्या गल्लीतल्या एका आजींना मध्यरात्री धाप लागली. मुलाने त्यांना उचलून अंगणात आणले. गाडी नवी, दाराशीच उभी. पण किल्लीचे बटण कितीही दाबले तरी ती मुकी. आजींचा श्वास वर लागलेला, आणि आम्ही चार शिकलेली माणसे त्या गाडीभोवती नुसती फिरत होतो. तेवढ्यात नाक्यावरचा रिक्षावाला पोरगा धावत आला. “काका, चावीच्या पोटात चावी असते,” तो म्हणाला. त्याने किल्लीच्या कडेचा खटका दाबून आतली चपटी लोखंडी किल्ली काढली, दार उघडले, आतला दिवा लागलेला पाहिला आणि मुलाला सांगितले, “बॅटरी ठीक आहे. चावीचा सेल गेलाय. चावी बटणाला टेकवा आणि दाबा.” गाडी सुरू झाली. दवाखान्यात वेळेवर पोचल्या म्हणून आजी आज अंगणात बसून नातवंडांचे आकाशकंदील बघताहेत.

त्या पोराने केले ते बेर्थाचेच काम. दार उघडत नाही, तर दोष किल्लीत की गाडीत? आतला दिवा नीट लागतो, तर संशय किल्लीतल्या चपट्या सेलवर. आणि चिपला स्वतःच्या सेलची गरज नसल्याने ती बटणाला, किंवा गाडीच्या पुस्तकात दाखवलेल्या जागी, टेकवली की ओळख पटते. दिवा मिणमिणतो, सेल्फ नुसता टकटक वाजतो, तर बॅटरी उतरली किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साचला. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर इंधन, ठिणगी, नाहीतर न पटलेली खूण. या शेवटच्या दुखण्यात समोर किल्लीचे चित्र लुकलुकते. दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडायची तर लाल तार दोन्हीकडे धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचे दुसरे टोक अडलेल्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटची ठिणगी त्याच्याजवळ पडू नये. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीला मात्र धक्का मारू नये. ती त्याने सुरू होत नाही.

मौज अशी की, हँडल नको म्हणून एकेकाळी नावाजलेल्या विजेच्या मोटारी आता परत आल्या आहेत, आणि पुढे नेणारी प्रचंड बॅटरी भरलेली असूनही कोपऱ्यातली बारा व्होल्टची लहान बॅटरी उतरली तर त्यांतल्या कित्येक जागच्या हलत नाहीत.

यंत्रे अशीच बदलत राहणार. पण हँडल मारणाऱ्याला अंगठा कुठे ठेवायचा हे कुणीतरी आधी शिकवीत असे. आताच्या किल्लीबरोबर असे कुणी येत नाही, पुस्तक येते आणि ते कप्प्यातच राहते. म्हणून वाचकहो, भाऊबिजेला गाडी काढण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना, आईला आणि मुलांनासुद्धा, एकदा अंगणात बोलवा; किल्लीच्या पोटातली किल्ली काढून दाखवा, दारावरचे तिचे भोक दाखवा, आणि प्रत्येकाच्या हातून ते दार एकेकदा उघडून घ्या.