टेलिफोन ऑपरेटरचं काम यंत्राकडे कसं गेलं? ट्रंक कॉलपासून ‘भाषा निवडा’पर्यंत

ज्यांनी चाळिशी ओलांडली आहे त्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. १८० फिरवायचा, कॉल बुक करायचा, ऑर्डिनरी की अर्जंट ते सांगायचं आणि घंटी वाजायची वाट बघत बसायचं. फारच निकड असेल तर लाइटनिंग, पण त्याचा दर ऐकूनच माणूस गप्प व्हायचा. पीपी कॉल असला तर ऑपरेटर पलीकडे ठरावीक माणसालाच बोलावून घ्यायचा आणि तोच आला याची खात्री करून मग लाइन जोडायचा.

या एका कॉलमध्ये ऑपरेटर किती कामं करायचा ते मोजून बघा. विनंती ऐकणं, ती समजून घेणं, मोकळी लाइन शोधणं, जोडणी करणं, माणूस ओळखणं, बिल कोणाच्या नावावर ते लिहिणं, वेळ मोजणं. सगळी कामं यंत्राने एका झटक्यात घेतली असं झालं नाही. एकेक काम सुटं करून काढून घेतलं गेलं आणि त्याला शंभर वर्षं लागली. हाताचं काम आधी गेलं, कानाचं सगळ्यात शेवटी.

जोडणीचं काम

सुरुवातीला एक्स्चेंजमध्ये तारवाल्या पोरांना बसवलेलं असायचं. ती पोरं ग्राहकांशी उद्धट बोलायची, म्हणून १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टनमध्ये एमा नट या तरुणीला नेमलं गेलं. जगातली पहिली महिला टेलिफोन ऑपरेटर म्हणून तिचं नाव घेतलं जातं. पुढे अमेरिकेत हे काम बायकांचंच झालं.

ऑपरेटरशिवाय जोडणी करणारा स्विच बनवला आल्मन स्ट्रोजर याने. हा गृहस्थ अंत्यसंस्काराचं सामान पुरवणारा व्यावसायिक. त्याच्या गावची ऑपरेटर त्याच्याकडे येणारे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी हकीकत सांगतात. संशय खरा असो वा खोटा, त्याने १८८९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९१ मध्ये ते त्याला मिळालं. ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट इथे त्याच्या पद्धतीचं पहिलं सार्वजनिक एक्स्चेंज सुरू झालं.

त्याच्या स्विचची रचना, पुढे सुधारून जी जगभर रूढ झाली ती, समजायला सोपी आहे. एक दांडा, त्याला एक हात. तुम्ही आकडा फिरवला की लाइनवर तेवढे विजेचे ठोके जातात. पहिल्या आकड्याच्या ठोक्यांनी हात तेवढे मजले वर चढतो, दुसऱ्या आकड्याच्या ठोक्यांनी आडवा फिरून तेवढ्या घरांवर जाऊन थांबतो. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर दहा घरं, म्हणजे शंभर लाइन. जास्त लाइन हव्यात तर असे स्विच एकामागे एक लावायचे. फिरवायची तबकडी मात्र १८९६ च्या सुमाराला आली. त्याआधी ग्राहकाला बटणं मोजून दाबावी लागत.

गंमत म्हणजे सगळ्यात मोठ्या बेल कंपनीने हे तंत्र बरीच वर्षं दूरच ठेवलं. ग्राहकाला स्वतः नंबर फिरवायला लावणं म्हणजे सेवा कमी करणं, असं त्यांचं मत होतं. शिवाय छोट्या गावात ऑपरेटर स्वस्त पडायची. पण मोठ्या शहरांचा हिशेब वेगळा निघाला. ग्राहक दुप्पट झाले की आपापसातल्या जोडण्या चौपट होतात. एका बोर्डावरून दुसऱ्या बोर्डावर कॉल सरकवण्यातच माणसं खर्ची पडू लागली. एप्रिल १९१९ मध्ये न्यू इंग्लंड भागातल्या ऑपरेटर बायकांनी पगारासाठी संप केला आणि पाच राज्यांतली टेलिफोन सेवा कोलमडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नॉरफोक शहरात बेलचं पहिलं मोठं स्वयंचलित एक्स्चेंज चालू झालं. संपामुळेच ते झालं असं म्हणता येणार नाही, यंत्रांची तयारी आधीपासून होती. पण संपाने ती टाळण्याचं कारण उरलं नाही.

नोकऱ्यांचं काय झालं, याचा जेम्स फायगेनबॉम आणि डॅनियल ग्रॉस या दोन अर्थतज्ज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. १९२० ते १९४० या काळात शहराशहरांत डायल फोन आले, तेव्हा नंतर वयात आलेल्या मुलींना टायपिस्ट, वेट्रेस अशी दुसरी कामं मिळाली. एकूण रोजगार घटला नाही. पण ज्या बाया आधीपासून ऑपरेटर होत्या, त्यांच्यापैकी बऱ्याच जणी दहा वर्षांनी कमी पगाराच्या कामात तरी होत्या किंवा घरीच बसल्या होत्या. सरासरी बघितली तर हे दिसत नाही.

आपल्याकडे

भारतातलं पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला बसलं, ७०० लाइनचं. गावाबाहेरच्या कॉलसाठी ऑपरेटर पुढेही लागतच होता. नोव्हेंबर १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान एसटीडी सुरू झाली आणि ग्राहक पहिल्यांदा थेट दुसऱ्या शहरात नंबर फिरवू लागला. छोट्या गावांना ही सोय मिळायला आणखी दोन-तीन दशकं गेली, कारण परदेशी एक्स्चेंज मोठ्या शहरांसाठी बनवलेली. त्यांना वातानुकूलित खोली लागायची.

इथे आपल्या भागाचा थेट संबंध येतो. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेला ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये देऊन देशी डिजिटल एक्स्चेंज बनवायला सांगितलं होतं. खेड्यासाठी त्यांनी १२८ पोर्टचं छोटं एक्स्चेंज तयार केलं, एसीशिवाय उन्हाधुळीत चालणारं. त्यातलं पहिलं १९८६ मध्ये बसवलं गेलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला. राणी चन्नम्माचं कित्तूर सगळ्यांना माहीत आहे, हे फार थोड्यांना.

नंबर फिरवण्याच्या पद्धतीचा एक फायदा तेव्हा कोणी बोलून दाखवला नाही. आकड्याला भाषा नसते. तुम्ही मराठी, कन्नड, कोंकणी काहीही बोलत असा, एसटीडीच्या यंत्राला सारखेच. ट्रंक बोर्डावरच्या ऑपरेटरला गावाचं नाव तीनदा सांगायची कटकट गेली.

उरलेलं काम: मदत

अमेरिकेत १९५१ पासून हळूहळू ग्राहकांना लांबच्या शहरांत थेट डायल करता येऊ लागलं, तरी ऑपरेटर लागतच होती. पैसे पलीकडच्याने द्यायचे असतील, बिल तिसऱ्याच नंबरवर टाकायचं असेल, पब्लिक फोनमध्ये नाणी टाकायची असतील, तर माणूस हवाच. १९६९ मध्ये बेलने या कामासाठी संगणकावर चालणारी व्यवस्था आणली. ग्राहक आधी शून्य आणि मग पुढचा नंबर फिरवायचा. संगणक कोण कुठून कुठे बोलतोय ते ऑपरेटरच्या पुढ्यात दाखवायचा, वेळ मोजायचा, आकारणी करायचा. ऑपरेटरने फक्त बोलून खात्री करायची आणि बटण दाबायचं. वायरी खुपसणं संपलं.

वाणिज्य शाखेच्या माणसाला यातलं गणित लगेच कळेल. एका कॉलवर ऑपरेटरचे किती सेकंद जातात हाच कंपनीच्या खर्चाचा एकक. कोट्यवधी कॉल असले की एकेका सेकंदाला किंमत येते. मग १९७७ मध्ये नाण्यांचे सूर ओळखून ‘आणखी इतके पैसे टाका’ असं रेकॉर्डवर सांगणारी यंत्रणा आली, १९८० पासून कॉलिंग कार्डाचा नंबर थेट यंत्राला देता येऊ लागला.

राहिलं ते ऐकणं. बेल लॅब्जमध्ये १९५२ मध्येच ‘ऑड्री’ नावाचं यंत्र इंग्रजीतले शून्य ते नऊ आकडे ओळखत होतं, पण त्याला ओळखीच्या माणसाचाच आवाज लागायचा. अनोळखी आवाज ओळखायचं तंत्र पिकायला आणखी चाळीस वर्षं गेली. १९९२ मध्ये एटीअँडटीने जी यंत्रणा आणली ती फक्त पाच गोष्टी ओळखायची: कलेक्ट, कॉलिंग कार्ड, थर्ड नंबर, पर्सन आणि ऑपरेटर. यातला ‘पर्सन’ म्हणजे आपला पीपी कॉल.

पाच शब्द म्हणजे फार नाही, असं वाटेल. अडचण शब्दांची नव्हतीच. लोक सांगितलेला एकच शब्द बोलत नाहीत. ‘अं, मला जरा कलेक्ट कॉल करायचा होता’ असं बोलतात. मागे टीव्ही चालू असतो. रेकॉर्ड पूर्ण व्हायच्या आधीच बोलायला लागतात. म्हणून शास्त्रज्ञांनी पाच शब्दांसोबत ‘बाकीचा कचरा’ यालाही यंत्रात वेगळी जागा दिली, आणि त्यातून कामाचा शब्द उचलायला यंत्राला शिकवलं. रेकॉर्ड वाजत असतानाच ऐकायचीही सोय केली. ही यंत्रणा पुढे वर्षाला अब्जाच्या वर कॉल हाताळू लागली. ती जाहीर करतानाच कंपनीने आपल्या १८,००० ऑपरेटरपैकी एक तृतीयांशापर्यंत नोकऱ्या कमी होतील असं सांगितलं होतं.

‘ऑपरेटर’ हा पाचवा शब्द मुद्दाम ठेवलेला होता. यंत्राला जमत नाही तिथे माणसाकडे जायची वाट.

ती वाट आज कुठे आहे?

आज मोबाइल कंपनीला फोन लावला की यंत्रच उचलतं आणि पहिला प्रश्न भाषेचा विचारतं. एसटीडीने घालवलेली भाषेची अडचण अशी परत आली. कंपन्यांचा कारभार सर्कलनुसार चालतो. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे, त्यामुळे पणजीच्या ग्राहकाला मराठीचा पर्याय मिळायला अडचण नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर कर्नाटक सर्कलमध्ये. इंदूर आणि ग्वाल्हेर मध्य प्रदेशात, बडोदा गुजरातमध्ये, हैदराबाद आंध्र सर्कलमध्ये. दहा-पंधरा किलोमीटरवर राहणाऱ्या दोन भावांची सिमं दोन सर्कलची असली की यंत्र त्यांच्याशी वेगळ्या भाषेत बोलू शकतं. नंबर कोणत्या सर्कलचा ते यंत्राला दिसतं, घरात काय बोलतात ते दिसत नाही.

ट्रायच्या २०१२ च्या ग्राहक तक्रार निवारण नियमांत या मेनूची रचना ठरवून दिली आहे. पहिल्या पातळीवर भाषेची निवड, नंतर तक्रारीचे मोठे प्रकार, त्याखाली उपप्रकार, आणि माणसाशी बोलायचा पर्याय ठेवणं बंधनकारक. तो पर्याय लपवलेला सापडला तर कंपनीकडे तक्रार करता येते आणि तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं तरी माहीत असावं. बटणं दाबून दाबून कंटाळून ते फोन ठेवतात आणि रिचार्जचे पैसे गेले ते गेलेच.

आता बटणांऐवजी बोलून काम करणाऱ्या यंत्रणा येत आहेत. मराठीत हा प्रयत्न जुना आहे. शेतमालाचे बाजारभाव फोनवर बोलून विचारता यावेत यासाठी देशातल्या संस्थांनी सहा भारतीय भाषांत काम केलं, त्यात मराठी होती. त्यासाठी महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांमध्ये जाऊन शेतकऱ्यांचे आवाज गोळा केले गेले. यंत्र जे आवाज ऐकून शिकतं तेच त्याला नीट कळतात. बेळगावची कन्नड हेल असलेली मराठी, बडोद्याची गुजराती मिसळलेली, इंदूरची हिंदी वळणाची, हे आवाज त्यात किती असतात यावर आपल्याला यंत्र दाद देतं की ‘माफ करा, समजलं नाही’ म्हणतं ते ठरतं.

केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ प्रकल्पात ‘भाषादान’ नावाची सोय आहे. त्यातल्या ‘बोलो इंडिया’मध्ये समोर दिलेलं वाक्य मराठीत वाचून आपला आवाज नोंदवता येतो. त्यासाठी महाराष्ट्रातच राहायला हवं असं नाही.